बंद काहून केलंस? लाव

(तुमसर येथे तरुण मुलामुलींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

 

मला 'सिनेमा आणि मुस्लिम समाज' असा विषय दिला होता. ऐकूनच घाम फुटला. मी काही समीक्षक नाही. मी म्हटलं, या हिवाळ्यात आमच्या घरी जे बघितलं आणि ते बघताना जी भांडणं झाली, तेवढं सांगते. संयोजक म्हणाले, चालेल. तेव्हा आता तक्रार करू नका.

आधी आमचं घर सांगते. सिनेमा एकच असतो, पण बघणारे सहा असले की सहा सिनेमे होतात. समोरच्या खोलीत टीव्ही. तो भावाच्या मोबाइलला जोडलेला. अब्बा खुर्चीत. ते राइस मिलमध्ये दिवाणजी होते, आता घरीच असतात. अम्मी दिवाणावर. फुप्पी खाली, भिंतीला पाठ लावून. फुप्पीने चाळीसेक वर्षं विड्या वळल्या. आता खोकल्यामुळे सोडलं, पण टीव्ही बघताना तिची बोटं अजून हलत असतात, मांडीवर सूप असल्यासारखी. भाभी स्वयंपाकघराच्या दारात, अर्धी आत अर्धी बाहेर. भाचा नववीत, तो कुठेही असतो. आणि रिमोट भावाच्या हातात. सातबाऱ्यावर नाव चढवल्यासारखा.

आमच्याकडे कुठलाही सिनेमा सुरू झाला की दहा मिनिटांत एक प्रश्न येतो. 'आपल्याला कसं दाखवलंय?' चांगलं की वाईट. दाढीवाला आला की भाऊ पुढे सरकून बसतो. तो अतिरेकी निघाला तर 'बघा, म्हटलं नव्हतं?' आणि भला माणूस निघाला तर 'हां, आता शेवटी मरेल.' बहुतेक वेळा मरतोच.

हा प्रश्न वेडगळ आहे असं मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये 'द केरला स्टोरी' आला. त्याच्या टीझरमध्ये बत्तीस हजार मुलींचा आकडा होता. प्रकरण कोर्टात गेल्यावर यूट्यूबवरच्या मजकुरात तो तीन मुलींवर आला. बत्तीस हजारांचे तीन! पण तोपर्यंत आकडा गावोगाव पोचला होता, कोर्टातली दुरुस्ती कोणाच्या मोबाइलवर आली नाही. माझ्या भावाला त्याच्या ऑफिसात त्या आठवड्यात जे ऐकावं लागलं ते त्याने घरी अर्धंच सांगितलं. तेव्हापासून तो सिनेमा बघत नाही, सिनेमाची झडती घेतो. मी त्याला दोष देत नाही. पण झडती घेणाऱ्याला फक्त जे शोधायचं तेच दिसतं. हे मला कळलं ते फुप्पीमुळे, आणि ते 'हक' बघताना.

'हक' नोव्हेंबर २०२५ मध्ये थिएटरला आला, सुपर्ण वर्मांचा. यामी गौतम आणि इम्रान हाश्मी. शाहबानो खटल्यावरून घेतलेला, नावं बदललेली. आपण थिएटरात काही गेलो नाही, घरी मोबाइलवर आला तेव्हा लावला. रविवार दुपार होती. सुरुवात सगळ्यांना आवडली. घर छान, कपडे छान, नवरा वकील, प्रेमाने बोलतो. अम्मी म्हणाली, इतकं गोड बोलतोय म्हणजे काहीतरी आहे. मग नवरा दुसरी बायको घेऊन येतो. मग खर्चाचे पैसे थांबतात. आणि तिथे भावाने सिनेमा थांबवला. म्हणाला, "झालं. पुन्हा आपणच खराब. हे बघून उद्या लोक काय बोलतील?" अब्बांनी मान हलवली. मीही गप्प बसले, खोटं का बोलू.

खालून आवाज आला, "बंद काहून केलंस? लाव."

फुप्पी घरात सहसा कोणाला 'लाव' म्हणत नाही, 'लावशील का' म्हणते. भावाने लावला.

पुढचा सिनेमा आम्ही सगळ्यांनी बघितला, पण मी अर्धा वेळ फुप्पीकडे बघत होते. तिची बोटं थांबली होती. ती काही रडली वगैरे नाही. संपल्यावर तिने एकच विचारलं, "खरीला किती भेटले?"

खरीला, म्हणजे खऱ्या शाहबानोला. मला माहीत नव्हतं. त्या रात्री आणि पुढे दोन-तीन दिवस मी वाचलं, आणि रोज संध्याकाळी तिला सांगितलं. तुम्हालाही सांगते, कारण आपल्यातल्या बहुतेकांना शाहबानो हे नाव भांडण म्हणून माहीत आहे, बाई म्हणून नाही.

इंदूरची. लग्न १९३२ चं. नवरा मोहम्मद अहमद खान, वकील. पाच मुलं. १९७५ मध्ये, म्हणजे ४३ वर्षांच्या संसारानंतर घराबाहेर. एप्रिल १९७८ मध्ये तिने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागितली, महिना ५०० रुपये. तेव्हा ती ६२ वर्षांची होती. नोव्हेंबरमध्ये त्याने तलाक दिला आणि सांगितलं, आता ही माझी बायको नाही, मेहर आणि इद्दतीचे पैसे दिले, विषय संपला. ऑगस्ट १९७९ मध्ये खालच्या कोर्टाने पोटगी ठरवली. महिना २५ रुपये.

"पंचवीस?" फुप्पी म्हणाली. "हे तर आठवड्याच्या विड्यांचे पैसे."

१९८० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. हे वीस पैसे मला फार छळतात. कोणीतरी बसून हिशोब केला असेल. तेवढ्या रकमेविरुद्ध तो वकील नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला. २३ एप्रिल १९८५ ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने त्याचं अपील फेटाळलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मोर्चे, सभा, भाषणं, आणि त्या वर्षाच्या अखेरीला त्या म्हाताऱ्या बाईवर इतका दबाव आला की तिने आपण जिंकलेला निकाल नको म्हणून जाहीर केलं. १९८६ मध्ये नवा कायदा आला.

आता सिनेमाबद्दल माझी तक्रार इथे आहे. भावाची तक्रार होती की आपल्याला वाईट दाखवलं. माझी अशी की त्यांनी बाई तरुण केली. ४३ वर्षं संसार केलेली, साठी उलटलेली, गुडघे दुखत असतील अशी बाई कोर्टाच्या पायऱ्या चढते, ही गोष्ट त्यांना पडद्यावर चालली नसती असं दिसतं. कोर्टातलं शेवटचं भाषण यामी गौतमने चांगलं केलंय, टाळ्या घेणारं आहे. खऱ्या खटल्यात टाळ्या नसतात, तारखा असतात. सात वर्षं तारखा. त्या पार्श्वसंगीताने मात्र डोकं उठलं. तरी बघा. नाही बघितला तर कशावर भांडणार?

फुप्पीचं सांगते. आम्हाला लहानपणापासून इतकंच माहीत होतं की फुप्पीचं 'जमलं नाही'. १९८७ मध्ये ती कडेवर वर्षाची मुलगी घेऊन तुमसर रोड स्टेशनला उतरली आणि मग इथेच राहिली. पत्रावर तीन शब्द आले होते. आता 'हक' बघितल्यानंतर तिसऱ्या दिवशी, मी १९८६ च्या कायद्याबद्दल सांगत होते तेव्हा ती म्हणाली, "मलेबी तेच सांगितलं होतं. आता नवा कायदा आला, तीन महिन्यांच्या वर काही भेटत नाही."

कोणी सांगितलं होतं? सगळ्यांनी. शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी, एका ओळखीच्या वकिलाने. आणि दादांनी, माझ्या आजोबांनी. घरची गोष्ट कोर्टात नेऊ नये म्हणून. अब्बा तेव्हा पंचविशीचे होते. ते त्या संध्याकाळी तिथेच खुर्चीत बसले होते.

मुद्दा असा की ते पूर्ण खरं नव्हतं. १९८६ च्या कायद्यात शब्द असे होते की नवऱ्याने इद्दतीच्या मुदतीत 'वाजवी आणि न्याय्य' तरतूद करावी. मुदतीत करावी, मुदतीपुरती करावी असं नाही. या एका फरकावर देशभर वर्षानुवर्षं खटले चालले. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० मध्ये सांगितलं की नवऱ्याची जबाबदारी इद्दतीबरोबर संपत नाही. २८ सप्टेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने दानियल लतीफी खटल्यात तेच सांगितलं. हे लतीफी शाहबानोचेच वकील होते. आणि १० जुलै २०२४ ला न्यायमूर्ती नागरत्ना आणि मसीह यांनी स्पष्ट केलं की तलाकशुदा मुस्लिम बाईला कलम १२५ चा रस्ताही खुला आहे. ते कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ क्रमांकाचं आहे. बाई जिथे राहते तिथल्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. सासरच्या गावाला खेटे घालायची गरज नाही. हे लिहून घ्या, मी थांबते.

लिहिलं?

मी हे सगळं वाचून दाखवल्यावर अब्बा म्हणाले, "तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही."

फुप्पी म्हणाली, "विचारलं कोणी?"

मग कोणी काही बोललं नाही. भाभीने चहा आणला. मी तुम्हाला असं सांगणार नाही की अब्बांनी बहिणीची माफी मागितली. मागितली नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या खोकल्याचं औषध स्वतः जाऊन आणलं, जे एरवी मी आणते.

त्या आठवड्यात मी आणखी एक गोष्ट लावली, ज्योती सुभाष यांनी हमीद दलवाईंवर केलेला माहितीपट. नसीरुद्दीन शाह त्यात आहेत. तुमच्यातल्या किती जणांनी बघितलाय? चार हात. ठीक आहे. भावाने दलवाईंचं नाव ऐकताच तोंड वाकडं केलं. त्यांच्याबद्दल त्याला इतकंच सांगितलं गेलंय की ते आपल्या विरोधात होते. त्यावरून घरात १८ एप्रिल १९६६ चा विषय निघाला. त्या दिवशी मुंबईत सात मुस्लिम बायका मोर्चा घेऊन गेल्या होत्या. फक्त सात. अम्मी म्हणाली, सातच? आमच्या गल्लीतल्या हळदीला याहून जास्त बायका असतात. पण फुप्पी म्हणाली, एक गेली असती तरी पुष्कळ होतं. आणि मग तिला मी सांगितलं की १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये, शाहबानो प्रकरण पेटलेलं असताना, मुस्लिम सत्यशोधक मंडळाचा तलाक मुक्ती मोर्चा कोल्हापूरहून नागपूरच्या दिशेने निघाला होता. नागपूर! इथून गाडीत बसलं की चहा थंड व्हायच्या आत कामठी लागते. दोनच वर्षांनी ती मुलीला घेऊन त्याच लाइनवर उतरली, आणि तिला या मोर्चाचं नावही कोणी सांगितलं नव्हतं. वाटेत त्या मोर्चाला विरोध करायला मात्र लोकांना बरोबर खबर होती.

आता जरा हलकं घेऊ. सगळा हिवाळा आम्ही कायद्यातच घालवला नाही.

भाच्याच्या हट्टाने 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' बघितला, रीमा कागतींचा. मग मी त्याला सांगितलं, हा खोटा, खरा दुसरा आहे, आणि फैज़ा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' लावला. तो २००८ चा माहितीपट. दोन्हींत गोष्ट एकच: मालेगावचा नासिर शेख, व्हिडिओ पार्लर चालवणारा, 'मालेगाव के शोले' काढतो, आणि मग 'मालेगाव का सुपरमॅन'. पैसे नाहीत. बैलगाडीची क्रेन, सायकलची ट्रॉली. सुपरमॅन झालेला शफीक पॉवरलूमवर काम करणारा, अंगाने काडी. खलनायक तंबाखूवाला. हे आमच्या घरात विशेष चाललं, विडीमुळे. फुप्पी म्हणाली, म्हणजे मी पण खलनायकच की.

मला माहितीपट जास्त आवडला. नवा सिनेमा चांगला आहे, रडवतो, पण प्रत्येक गोष्टीचा अर्थ हातात आणून देतो. माहितीपटात नासिर आणि त्याची मित्रमंडळी नुसती असतात. भांडतात, हसतात, लूमच्या खडखडाटात स्वप्नं बघतात. मालेगाव म्हटलं की बातमीत २००६ चे स्फोट, २००८ चा स्फोट. इथे त्याच गावातली माणसं सुपरमॅनला दोरीने कसं लटकवायचं यावर तासभर डोकं चालवताहेत. तो बघताना माझ्या भावाने 'आपल्याला कसं दाखवलंय' हे एकदाही विचारलं नाही. विसरला तो. इतका हसत होता.

पण भाभीने दारातून विचारलं, "यात मालेगावची बाई कुठेय?" आणि खरंच, हिरोइन बाहेरून आणलेली. नासिरच्या सिनेमांत गावातली मुलगी काम करत नाही, करू शकत नाही. सगळं गाव सिनेमावेडं, पण अर्धं गाव कॅमेऱ्यासमोर नाही. भाचा आता मोबाइलवर 'तुमसर का' काहीतरी काढणार आहे. त्याच्या यादीत नऊ मुलं आहेत. मी विचारलं, मुली? म्हणाला, "मुलींच्या घरचे सोडत नाहीत ना." नववीतला पोरगा, उत्तर तयार. बहीण त्याच्याच वर्गात शिकणाऱ्यांची आहे, तिला विचारलं का? नाही. परत तेच, विचारलं कोणी.

'ऑल दॅट ब्रीद्स' एकट्या मी बघितला, रात्री. बाकीचे झोपले. शौनक सेन यांचा, २०२२ चा, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेला. दिल्लीत वज़ीराबादला दोन भाऊ, नदीम आणि सऊद, जखमी घारींवर तळघरात उपचार करतात. बाहेर शहरात नागरिकत्व कायद्याची आंदोलनं चालू आहेत, मग दंगल होते. ते सगळं लांबून ऐकू येतं, आणि आत घारीचा पंख शिवला जातोय. लहानपणी ते घारींना मांसाचे तुकडे टाकायचे, सवाब मिळतो म्हणून. हे बघून मला खाटीक गल्लीवर फिरणाऱ्या घारी आठवल्या आणि आमचे दादाही हेच म्हणायचे ते आठवलं. सिनेमा संथ आहे. झोप आली तर लाजू नका, उरलेला दुसऱ्या दिवशी बघा, मी तसंच केलं.

अब्बांची पसंती 'गर्म हवा'. १९७३ चा, एम. एस. सथ्यू यांचा. बलराज साहनी त्यात सलीम मिर्झा आहेत, आग्र्याचे बुटांचे कारखानदार. फाळणीनंतर नातलग एकेक करून निघून जातात, हवेली जाते, आणि हा माणूस भाड्याने घर शोधत फिरतो. नाव सांगितलं की घर मिळत नाही. तिथे भाऊ म्हणाला, "हे माझं पुण्याचं आहे." तो पुण्यात नोकरीला होता तेव्हा अकरा खोल्या बघितल्या होत्या त्याने. अब्बांना हे आत्ता कळलं. कसं बघा, त्या दिवशी तो प्रश्न बरोबर होता. सलीम मिर्झाचं दुःख खरंच आपलं होतं, तेही अजून.

म्हणून मी म्हणते की 'आपल्याला कसं दाखवलंय' हा प्रश्न टाकून देऊ नका. पण त्यातलं 'आपण' कोण, ते बघा. घर नाकारलं गेलेला माझा भाऊ 'आपण' आहे. तर पोटगी न मिळालेली फुप्पी कोण? भाऊ 'हक' बंद करत होता तेव्हा तो समाजाला वाचवत होता, असं त्याला वाटत होतं. त्याच खोलीत, त्याच्यापासून चार फुटांवर, समाज खाली सतरंजीवर बसला होता आणि त्याला पुढचं बघायचं होतं.

एक आणखी, तुम्ही मराठी बोलणारे म्हणून. 'सैराट' आम्ही कितव्यांदा बघितला देव जाणे, पण या वेळी मी सल्याकडे बघत होते. सलीम, परश्याचा मित्र. अरबाज शेखने केलाय. तो करमाळ्याकडची तीच मराठी बोलतो जी बाकीचे बोलतात. त्याच्या गळ्यात ताईत लटकवलेला नाही, तो 'या खुदा' करत नाही. मित्राला मदत करतो, मार खातो, संपलं. आणि 'हलाल' बघा, २०१७ चा, राजन खान यांच्या कथेवरचा. त्यात तर सगळं घर, मशीद, मौलाना, सगळे मराठीत बोलतात. पहिली दहा मिनिटं आम्हालाच विचित्र वाटलं. अम्मी म्हणाली, मौलाना मराठी कसं बोलतोय? मी म्हटलं, अम्मी, तू आत्ता कुठल्या भाषेत विचारलंस? आमच्या घरात हिंदी आणि मराठी एकाच ताटात असते, आम्हाला कळतही नाही कधी कुठली उचलली. पण पडद्यावरचा मुसलमान उर्दूच बोलला पाहिजे, ही सवय आम्हालाही लागली आहे.

अम्मी आणि फुप्पी शेवटच्या टॉकीजमध्ये एकत्र गेल्या त्या 'निकाह' बघायला, १९८२ चा, बी. आर. चोप्रांचा. तेव्हा फुप्पीचं लग्न व्हायचं होतं. अम्मी सांगते की दोघी परतताना गाणी म्हणत आल्या. त्यात शेवटी नीलोफर दोन्ही नवऱ्यांना सुनावते, मी काय वस्तू आहे का इकडून तिकडे द्यायला. मी फुप्पीला विचारलं, ते आठवतं? म्हणाली, नाही, गाणीच आठवतात.

आता रविवारचा रिमोट पाळीने फिरतो. हे कोणी ठरवलं नाही, 'हक'नंतर आपोआप झालं. भावाला विचाराल तर तो म्हणेल त्यानेच ठरवलं. येत्या रविवारी भाभीची पाळी आहे. तिने खुर्ची आत्ताच दारातून खोलीत आणून ठेवली आहे, आणि सिनेमाचं नाव काही सांगत नाही. भाऊ रोज विचारतो.